पाव चमचा तेल

मोटरसायकलचा मागचा ब्रेक पायाने पूर्ण दाबला, तर आतलं तेल सरकतं किती? पॅडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर धरा. आतला दट्ट्या १० मिलिमीटर पुढे गेला असं धरा. उत्तर येतं सव्वा मिलिलिटर. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे हे झालं पाव चमचा तेल. दीडशे किलोची गाडी, वर दोन माणसं, एकाच्या पाठीवर ऑफिसची बॅग. या सगळ्याला आवरण्यातला मागच्या चाकाचा वाटा या पाव चमच्याने उचलायचा असतो.

आता त्यात हरभऱ्याएवढा हवेचा बुडबुडा शिरला असं समजा. ८ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाव मिलिलिटरहून किंचित जास्त भरतो. तेलावर वातावरणाच्या तीस पट दाब आला, तरी तेल हजारात एक-दोन भाग आक्रसतं. हवा मात्र तेवढ्याच दाबाला तिसाव्या हिश्शावर येते. म्हणजे पायाने दिलेल्या हालचालीतला जवळजवळ पाचवा भाग हवा चेपण्यात संपला. पॅडपर्यंत तो पोचलाच नाही. स्वाराला एवढंच कळतं की पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं आणि पायाला मऊ लागलं. गॅरेजच्या भाषेत ‘ब्रेक स्पंज मारतोय’ किंवा ‘लाइनने हवा धरली’.

नाहूरमध्ये या हिशेबाची रोज परीक्षा होते. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन २००६ साली सुरू झालं. पश्चिमेला एलबीएस मार्ग, पूर्वेला द्रुतगती महामार्ग, आणि दोन्हींना जोडणारा रेल्वेवरचा पूल. एलबीएसवर वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ चे खांब उभे राहिले. सोनापूरला गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता येऊन मिळतो, त्याचंही काम. बॅरिकेड, लोखंडी पत्रे, पेव्हर ब्लॉक, खड्ड्यातून रस्त्यावर आलेली माती, आणि पावसाळ्यात या सगळ्यावर पाणी. अशा रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात धरायची हिंमत होत नाही. पुढचं चाक सरकलं की सावरायला वेळ मिळत नाही. पाय आपसूक मागच्या ब्रेकवर जातो. कोरड्या, सरळ रस्त्यावर गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं. पण भांडुप ते मुलुंड रांगत जाणाऱ्या वाहतुकीत, मागे माणूस बसवून, ओल्या रस्त्यावर, गाडी ताब्यात राहते ती मागच्या ब्रेकने. आणि दुर्लक्ष होतं तेही त्याच्याचकडे.

सळईचे दिवस

या दुर्लक्षाला इतिहास आहे. आपल्याकडे दोन पिढ्यांनी मोटरसायकल चालवली ती मागच्या ड्रम ब्रेकवर. पॅडलपासून मागच्या चाकापर्यंत एक सळई, तिच्या टोकाला आटे आणि त्यावर नट. लायनर झिजले, पॅडल खाली जायला लागलं, की मालक स्वतः उकिडवा बसून नट दोन फेरे आवळायचा. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं आणि दुरुस्ती हातात होती.

तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक वेगळ्या घराण्यातला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलने मांडलं. तो १६६२ मध्ये गेला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. या नियमावर मोटारीचा ब्रेक चालवायची कल्पना अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडची, १९१७ ची. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असा ब्रेक मिळाला. दुचाकीला यायला बराच काळ गेला. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढच्या चाकावरची तेलाची डिस्क मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटरसायकलवर आणली. आपल्याकडे १९९९ च्या हिरो होंडा सीबीझेडने पुढची डिस्क तरुणांच्या नजरेत भरवली, तर मागची डिस्क २००७ मध्ये बजाजच्या पल्सर २२० सोबत आली. ती चाकणची गाडी. आज डिस्क ब्रेकचा मोठा कारभार महाराष्ट्रातच आहे: वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स ब्रेक बनवते, आणि इटलीच्या ब्रेंबोचा ‘बायब्रे’ हा छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड पुणे परिसरातून गाड्यांवर चढतो.

ब्रेक बदलला, सवय मात्र सळईच्या काळातलीच राहिली. आवळायला नट उरला नाही, म्हणून बघायचंही राहिलं. पॅड झिजतील तसा, त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला दट्ट्या आपोआप थोडा थोडा पुढे सरकतो, स्वाराला काही करावं लागत नाही. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे मालकाचा ब्रेकशी संबंध तुटला. तेलाची छोटी डबी उजव्या बाजूला, पायाच्या मागे, पुष्कळदा कव्हरच्या आड दडलेली. कित्येक मालकांना ती कुठे आहे हेही ठाऊक नसतं.

दाब, धर, सोड

एलबीएसवरून स्टेशनच्या दिशेने वळलं की रस्त्याच्या कडेला छोटी गॅरेजं लागतात. त्यातल्या एकात दीडशे सीसीची गाडी आलेली. मालक पंचविशीतला, कामावर जायच्या घाईत.

“काका, मागचा ब्रेक लागतच नाही. दोन-तीनदा मारला की मग लागतो.”

“मारत गेलं की पॅडल वर येतं?”

“हो.”

“मग हवा आहे.”

एवढं बोलून काकांनी पाना उचलला नाही. आधी बॅटरी लावून तेलाच्या डबीतली पातळी पाहिली. मग मास्टर सिलिंडरच्या खालच्या रबरी टोपीत बोट घालून ते ओलं होतं का पाहिलं. मग कॅलिपरच्या आतल्या बाजूला, टायरवर कुठे ओघळ आहे का पाहिलं. सगळं कोरडं होतं. तेव्हा विचारलं, “गाडी पडली होती का?”

“मागच्या महिन्यात. ब्रेकचा पाइप गेला होता, तो बदलला.”

“हां. पाइप टाकला, हवा पूर्ण काढली नाही.”

प्रश्न तिथेच अर्धा सुटला. हवा काढायची रीत तशी साधी आहे. कॅलिपरवर एक पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. त्यावर आठ नंबरचा रिंग पाना चढवायचा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. ऑइल बुडवायचं ते यासाठी की चुकून उलटी ओढ बसलीच, तर हवेऐवजी तेल आत जावं. मग दोन माणसांचा खेळ सुरू होतो. पॅडलवर आयटीआय करून आलेला मदतनीस पोरगा, निपलवर काका.

“मार. मार. अजून एकदा. आता दाबून धर.”

“धरलं.”

काकांनी पाना पाव फेरा सोडला. नळीतून चहाच्या रंगाचं तेल फुरफुरत आलं, मध्ये हवेचे तुकडे. पोराचा पाय पॅडलबरोबर खाली गेला.

“सोडू नको हां, मी सांगेपर्यंत.” पाना आवळला. “आता सोड.”

सगळं कौशल्य या क्रमात आहे. निपल उघडं असताना पाय सुटला, तर दट्ट्या मागे येतो आणि निपलच्या वाटेने नळीतली हवा परत आत ओढून घेतो. केलेलं काम उलटतं. दर चार-पाच वेळा डबीत तेल भरत राहायचं, कारण डबी रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. पॅडलच्या खाली काकांनी लाकडाचा तुकडा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्या रोज जेवढा फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. पुढे मळ आणि गंज साचलेला असतो. पॅडल तळापर्यंत गेलं तर रबरी सील त्या खरबरीत भागावर घासून फाटतं, आणि हवा काढायला आलेली गाडी किट बदलायला थांबते.

थोड्या वेळाने नळीतून स्वच्छ, अखंड तेल यायला लागलं. पोराने पॅडल दाबलं. अजून मऊच.

वर कुठे आहे?

मागच्या ब्रेकची खरी कटकट इथे सुरू होते. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर हँडलवर, सगळ्यांत उंच. बुडबुडे स्वभावाने वर चढतात, वर डबी आहे, तिथून सुटतात. मागच्या ब्रेकमध्ये पाइप आडवा धावतो, स्विंगआर्मच्या कडेने थोडा वर, थोडा खाली, आणि कॅलिपरला जोडताना बँजो बोल्टपाशी वळण घेतो. त्या वळणाच्या माथ्यावर हवा बसून राहते. शिवाय काही गाड्यांत कॅलिपर अशा कोनात असतो की निपल सगळ्यांत वर येतच नाही. निपलच्या वरच्या पोकळीत हवा अडकलेली, आणि तिच्या खालून तेल सुरळीत वाहतंय: अशा गाडीला अख्खी बाटली ओतली तरी पॅडल कडक होत नाही.

काकांनी कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, तो डिस्कवरून उतरवला, पॅडच्या मध्ये लाकडाची पट्टी सरकवली आणि निपल आकाशाकडे येईल असा तिरका धरला. पट्टी विसरली तर पॅडल दाबताच दट्ट्या बाहेर येतो आणि तेल जमिनीवर. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कॅलिपरला आणि बँजोला हलके ठोके दिले. आतल्या भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे असे सुटतात. पुन्हा दाब, धर, सोड. या वेळी नळीतून एक लांब, सलग हवेचा तुकडा निघाला आणि त्यामागे तेल. पोराच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पॅडल पायाला लागलं होतं.

याला पर्यायी रीतीही आहेत. सिरिंजने निपलमधून तेल वर ढकलायचं, म्हणजे हवा आपल्या स्वाभाविक दिशेने डबीकडे जाते. फक्त डबी भरून वाहू नये म्हणून आधीच थोडं तेल काढून ठेवायचं. निपलला पंप लावून तेल ओढतात, तेव्हा नळीत बुडबुडे थांबतच नाहीत असं वाटतं. ते बऱ्याचदा लाइनमधले नसतात, निपलच्या सैल आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जात असते. नवशिका तिथे तासभर फसतो. आणखी एक जुनी युक्ती: पॅडल दाबून रबरी पट्ट्याने रात्रभर बांधून ठेवायचं. दाबाखाली बुडबुडे बारीक होऊन जागचे सुटतात, हळूहळू मास्टर सिलिंडरकडे सरकतात आणि सकाळी पॅडल सोडल्यावर डबीत निघून जातात. यात चमत्कार काही नाही. मात्र लाइन कुठे गळत असेल, तर रात्रभर बांधूनही सकाळी पॅडल तसंच मऊ मिळतं.

मास्टर सिलिंडर आणि डबी यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पॅडल मोकळं असताना ते उघडं राहतं, दाबताच झाकलं जातं. म्हणून शेवटी पॅडल पूर्ण न दाबता, टोकाने अगदी थोडं थोडं टपटपवायचं. डबीचं झाकण काढून पाहिलं तर त्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतात.

पाहुणी वाफ

आतापर्यंतची हवा बाहेरून आलेली. पाइप बदलला, कॅलिपर उघडला, डबी रिकामी झाली, सील झिजलं: यातलं काहीतरी घडल्याशिवाय ती येत नाही. पण एक तक्रार वेगळी असते. “माळशेज उतरताना मागचा ब्रेक गेला. खाली येऊन चहा घेतला, परत बघतो तर ठीक.” मेकॅनिक तपासतो, हवा सापडत नाही. कारण ती हवा नव्हतीच, वाफ होती.

गाडीतलं ब्रेक ऑइल हे नावापुरतं ऑइल आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल इथर जातीची रसायनं, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. रबरी पाइपमधून, डबीच्या झाकणातून ती हवेतली आर्द्रता शोषत राहतात. डॉट हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं आद्याक्षर. त्या मानकानुसार नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. तेच तेल ३.७ टक्के पाणी प्यायलं की मर्यादा उतरते: डॉट ३ साठी १४० अंश, डॉट ४ साठी १५५. घाटात सतत ब्रेक धरला की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता दट्ट्यातून तेलात जाते. पाणी धरलेलं तेल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ हवेसारखीच चेपली जाते. गाडी थंड झाली की वाफ पुन्हा तेलात विरते. पुरावा शिल्लक राहत नाही, म्हणून मालकाला भास झाल्यासारखं वाटतं.

हे होण्यासाठी घाटच लागतो असं नाही. पॅडलला वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल लागते. कोणी ‘ब्रेक लवकर लागू दे’ म्हणून पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणारी सळी इतकी आवळतो की मोकळी चाल उरतच नाही. मग ते सुईएवढं छिद्र कायम झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, त्याला डबीत परतायला वाट नसते, ब्रेक आपोआप धरून राहतो, आणखी तापतो. हाच परिणाम पाय पॅडलवर टेकवून गाडी चालवण्यानेही होतो. मुंबईच्या वाहतुकीत सोनापूर सिग्नलपासून मुलुंडपर्यंत किती बुटांची टोकं पॅडलवर टेकलेली असतात, ते मागून बघावं: ब्रेकचा लाल दिवा विझतच नाही. पॅड मागे ओढणारी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसते. दट्ट्याभोवतीचं चौकोनी रबरी सील दाबताना किंचित पिळतं आणि दाब गेला की मूळ जागी येतं. तेवढीच केसभर मोकळीक पॅडला मिळते. पायाचं थोडंसं ओझंही ती मोकळीक खाऊन टाकतं.

म्हणून बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, किलोमीटर कितीही झालेले असोत. इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, कारण ते काळं होतं, कमी होतं, सर्व्हिसिंगच्या बिलात दरवेळी दिसतं. ब्रेक ऑइल खर्च होत नाही. पॅड झिजतील तशी पातळी उतरते, नवे पॅड टाकले की परत चढते. शे-दोनशे रुपयांची बाटली, पण संपत नाही म्हणून बदलली जात नाही. आणि गॅरेजच्या फळीवर झाकण सैल ठेवलेली, अर्धी वापरलेली बाटली दिसली तर तीही नको म्हणावी. उघडी बाटली गाडीत न जाताच पाणी पीत असते. छोटी, सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडून घ्यावी. कोणता डॉट ते डबीच्या झाकणावर कोरलेलं असतं. डॉट ५.१ हे ग्लायकॉलचंच, पण नुसतं डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते डॉट ४ मध्ये मिसळता येत नाही.

आता मध्ये एबीएस आहे

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारा एबीएस सक्तीचा झाला. बऱ्याच गाड्यांत तो एकाच वाहिनीचा, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. तिथे मागची लाइन पूर्वीसारखीच सरळ राहिली. दोन वाहिन्यांच्या गाड्यांत मात्र मागचं तेलही एबीएसच्या ठोकळ्यातून फिरतं. त्या ठोकळ्यात झडपा आणि छोटा पंप असतो, आणि आत हवा अडकली तर नुसत्या पॅडलने ती निघेलच असं नाही. काही गाड्यांना संगणक जोडून त्या झडपा चालवाव्या लागतात. नुसतं तेल बदलताना, डबी रिकामी होऊ न देता काम केलं, तर ही वेळ सहसा येत नाही. पण एबीएसच्या गाडीची लाइन पूर्ण कोरडी झाली असेल, तर ती रस्त्याकडेला सोडवायची गोष्ट राहिलेली नाही.

घरी हे काम करणारे हौशीही वाढलेत. त्यांनी काही गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ. ब्रेक ऑइल रंग खातं. टाकीवर किंवा मडगार्डवर थेंब पडला तर पुसत बसू नये, लगेच पाणी ओतावं. आणि ते पॅडवर किंवा डिस्कवर गेलं तर ब्रेक क्लीनरने डिस्क धुवावी, पॅड मात्र बदलावेत. बँजो बोल्ट उघडला तर दोन्ही बाजूंचे वायसर नवे टाकावेत. जुने एकदा चेपले की परत तेवढे घट्ट बसत नाहीत. निपल ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये बसलेलं असतं, तिथे जोर दाखवला तर आटे जातात किंवा ते तुटून आत राहतं. काम झाल्यावर गाडी उभी असतानाच पॅडल जोरात दाबून सगळे सांधे कोरडे आहेत का बघावं, मगच रस्त्यावर न्यावी, आणि पहिले काही ब्रेक मोकळ्या रस्त्यावर मारून बघावेत.

गॅरेजमध्ये गाडी घेताना मालक एकच प्रश्न विचारतात: “हवा काढली?” उत्तर ‘हो’च येतं, आणि ते खरंही असतं. पण हवा काढणं हे शेवटचं काम आहे. ती आली कुठून हे कळलं नसेल, तर पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन यावं लागतं. पाइप उघडला होता, सील गळतंय, डबी कोरडी पडली, तेल म्हातारं झालं, की मोकळी चाल संपली: यातलं एक नाव काकांनी सांगितलं पाहिजे आणि मालकाने ऐकलं पाहिजे. त्या तरुणाला काकांनी नाव सांगितलं होतं, पाइप. शिवाय मार्कर पेनने डबीच्या कव्हरच्या आतल्या बाजूला महिना आणि वर्ष लिहिलं, आणि म्हणाले, “दोन वर्षांनी ये. ब्रेक चांगला असला तरी ये.” तो हसला. चांगल्या ब्रेकसाठी गॅरेजला यायचं, हे त्याला पटायला वेळ लागेल. निदान तारीख तरी आता त्याच्या गाडीवर आहे.